अर्ध्या जिभेचा मधुमेह

वाचनालयाच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या होत्या, खिडक्यांचे कट्टे भरले होते, वर्तमानपत्रांच्या उतरत्या टेबलांवरही दोघंतिघं घसरत-सावरत बसले होते. आणि व्यासपीठावर साठीचे एक गृहस्थ तोंडात चमचाभर साखर धरून पोरासारखे खदखदून हसत होते.

"काय लागतंय?" वाळूबाबांनी माइक त्यांच्या तोंडाशी धरला.

"वाळू!" गृहस्थ ओरडले. "अहो, निव्वळ वाळू! गोडाचा मागमूस नाही!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी एकमेकींना मिठी मारली.

वाळूबाबांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. साखरेची वाळू करतात म्हणून ते वाळूबाबा. झुळझुळीत पांढरा झब्बा, मनगटावर भलंमोठं घड्याळ आणि आवाज असा, की रेडिओवर हवामानाचा अंदाज सांगितला असता तरी लोकांनी रडून घेतलं असतं. रीत सोपी होती. मधुमेहाचा रोगी वर यायचा. बाबा एक हिरवं पान द्यायचे. ते चाळीस वेळा चावायचं, चोथा जिभेवर घोळवायचा, चूळ भरायची. मग चमचाभर साखर. आणि मग वाळू.

"मधुमेह म्हणजे काय?" बाबा गरजले. "साखरेचा आणि शरीराचा चोरटा संबंध! तो मी तोडला! आता साखर आत शिरली तरी वाळू म्हणून शिरेल, आणि वाळू म्हणूनच बाहेर पडेल. मला सांगा, वाळूने कधी कुणाला मधुमेह झालाय?"

"नाही!"

"समुद्रकिनाऱ्याला झालाय?"

"नाही!" लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले.

"मग खा! खाल तेवढं कमी! आणि त्या गोळ्या, त्या सुया, द्या इथे फेकून!" व्यासपीठाच्या कडेला कपडे वाळत घालायला नेतात तसली मोठी टोपली ठेवली होती. तिच्यात गोळ्यांची पाकिटं धपाधप पडत होती.

या सगळ्या गोंधळात दाराशी एक बाई टाचा उंचावून कुणाला तरी शोधत होती. कोपरापर्यंत मैदा, केसांत मैदा, कमरेला बेकरीचा एप्रन. अख्खी गल्ली तिला वहिनी म्हणायची. ती सासऱ्यांना जेवायला बोलवायला आली होती. सासरे पेपर वाचायला जातो म्हणून सकाळी बाहेर पडले होते, ते अजून परतले नव्हते.

सासरे सापडले. ते रांगेत तिसरे होते.

"आप्पा!" वहिनीने हाक मारली. पण ती टाळ्यांत बुडाली, आणि तोवर आप्पा पानही चावून बसले होते.

आप्पांची कथा सांगायलाच हवी. चौतीस वर्षं ते वजनमापं निरीक्षक होते. त्यांची सावली दिसली की बाजारातले काटे आपोआप सरळ व्हायचे. चुंबक लावलेलं पारडं, पोकळ वजन, कापलेला मीटर, यांतलं काही त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. निवृत्त झाले आणि त्याच वर्षी रक्तात साखर निघाली. नशिबाची थट्टा अशी, की त्याच वर्षी त्यांच्या मुलाने घराच्या तळमजल्यावर बेकरी टाकली. एरवी दात असतात तेव्हा चणे नसतात म्हणतात. इथे दातही होते, चणेही होते, आणि दोघांच्या मध्ये दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई हात पसरून उभ्या होत्या. अकरा वर्षं पहाटे लोणी-साखरेच्या वासाने उठायचं आणि कोरा टोस्ट चघळत बसायचं, याला तपश्चर्याच म्हणतात.

ती तपश्चर्या त्या दिवशी फळाला आली, निदान आप्पांना तसं वाटलं. घरी आले ते जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन चढत. आपल्या गोळ्यांचं पाकीट त्यांनी टोपलीत टाकलंच होतं. फ्रिजमधलं इन्सुलिन काढून तेही दुसऱ्या दिवशी टाकायला वेगळं ठेवलं.

"आप्पा, डॉक्टरीणबाईंना विचारायचं तरी," वहिनी म्हणाली.

"तिला काय विचारायचं? अकरा वर्षांत तिला जमलं नाही ते बाबांनी अकरा मिनिटांत केलं! सूनबाई, तो क्रीमचा तुकडा इकडे दे. मोठा. त्याच्या शेजारचा."

"आणि पायाचं काय?"

आप्पांच्या उजव्या पायाच्या करंगळीला नव्या चपलेने चिरा पडला होता. तीन आठवडे झाले तरी तो भरत नव्हता, कडा काळपट व्हायला लागल्या होत्या. वहिनी रोज तो धुऊन पट्टी बांधायची.

"पाय? तोही आता वाळूसारखा कोरडा होईल बघ!" आप्पा क्रीम पुसत म्हणाले.

चार दिवसांत गल्लीचा नूरच बदलला. गोडाला मुकलेली सगळी माणसं एकाच वेळी सुटली होती. निवृत्त शिपाई, शिंपीणकाकू, औषधाच्या दुकानातला म्हातारा गडी, सगळे सकाळी हॉलमध्ये जाऊन पान चावायचे आणि संध्याकाळी बेकरीत यायचे. तोवर केक पुन्हा गोड लागायचा, पण बाबांनी सांगूनच ठेवलं होतं, गोडी जिभेपुरती, रक्तात गेली की वाळूच. सहा वाजेस्तोवर काचेचं कपाट रिकामं. वहिनीचा नवरा भट्टीपुढे घामाघूम होऊन शीळ घालत होता.

"अगं, लोक बरे झालेत, खुश आहेत. आपण कशाला नाक खुपसायचं?"

"आणि बरे झाले नसतील तर? तेव्हा त्यांच्या तोंडात कुणाचा केक असेल?"

नवऱ्याची शीळ थांबली. पण खरं सांगायचं तर पुरावा तिच्याकडे नव्हता.

पुरावा पाचव्या दिवशी भांडणाच्या रूपाने दुकानात चालत आला. शिंपीणकाकू त्या दिवशी सभा संपल्या संपल्या, तोंड पुसत, थेट दुकानात आल्या. केकचा घास घेतला आणि काउंटरवर थापट मारली.

"वहिनी, लाज वाटत नाही? साखर घालायची विसरलात की वाचवलीत?"

शेजारी उभा असलेला पोस्टमन तोच केक खात होता. "काय बोलता, काकू? गोडमिट्ट आहे की!"

"गोड? हा? हा तर नुसता ओला स्पंज!"

"तुमच्या जिभेला झालंय काय?"

"जीभ काढू नका हं माझी!"

वहिनीने दोघांच्या बशीतला एकेक तुकडा तोंडात टाकला. एकाच ट्रेमधला, एकाच चवीचा, गोडच. तिची जीभ ही त्या बेकरीची मालमत्ता होती. पिठात मीठ चिमूटभर कमी असलं तरी तिला कळायचं. ती काकूंकडे बघत राहिली. केक एक, तोंडं दोन. म्हणजे जे काही बदललं होतं ते केकात नव्हतं.

मग तिने ते केलं, जे बाबांच्या हॉलमधल्या एकाही निरोगी माणसाने केलं नव्हतं. आप्पांच्या खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून बाबांनी दिलेली दोन पानं काढली आणि एक स्वतः चावलं. कडू होतं, तुरट होतं. चूळ भरली. साखरेच्या डब्यात बोट बुडवलं.

वाळू.

वहिनीला आधी हसू फुटलं, मग घाम. मीठ चाखलं, खारट. लिंबू चाटलं, आंबट. कॉफीची पूड, कडू. सगळं जिथल्या तिथे, फक्त गोड तेवढं जगातून नाहीसं झालेलं. आणि ते परत आलंच नाही तर? बेकरीवालीची जीभ गेली म्हणजे गवंड्याचा हात गेला! तेवढ्यात नवऱ्याने हाक मारली. बँकेतल्या कुणाच्या तरी निरोपसमारंभाचा केक होता, त्याचं मिश्रण चाखून द्यायचं होतं. तिने चाखलं. साखर कमी. घातली. अजून कमी. अजून घातली. डबा तळाला गेला तरी मिश्रण तिला गोड म्हणून लागेना!

केक भाजून निघाला. नवऱ्याने कोपरा मोडून खाल्ला आणि त्याचे डोळे पांढरे झाले. "अगं, हा केक आहे की साखरेची खाण? त्या माणसाला बँकेचा निरोप घ्यायचाय, जगाचा नव्हे!"

वहिनी भट्टीवरच्या घड्याळाकडे बघत होती. दर पाच मिनिटांनी एक दाणा जिभेवर. चाळीस मिनिटं झाली, वाळू. पंचेचाळीस, वाळूच, पण लांबून कुणीतरी हाक मारावी तसं काहीतरी. पंचावन्नाव्या मिनिटाला गोडी आली. आधी टोकावर, मग कडांवर, मग सगळ्या तोंडात. वहिनी तिथल्या तिथे टाळ्या पिटत नाचली. नवऱ्याने भट्टीचं दार लावून घेतलं. न जाणो, उष्णता डोक्यात गेली असेल!

दुसऱ्या दिवशी सकाळी सार्वजनिक बागेतली माळीणमावशी पाव न्यायला आली. काउंटरवरचं उरलेलं पान बघून तिने चटकन उचललं.

"गुडमार तुमच्याकडे कुठून आला?"

"ओळखता तुम्ही?"

"अहो, वेल आहे तो. आमच्या कुंपणावर चढतो. आमची आजी त्याला बेडकीचा पाला म्हणायची. गूळ मारतो तो गुडमार, नावातच सगळं आलं की! बागेत नवी पोरगी कामाला लागली की आम्ही तिला हे चावायला देतो आणि वर चहा पाजतो. बिचारी साखर घाला, साखर घाला म्हणत बसते!" मावशी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग म्हणाली, "औषधी आहे हो. जुने वैद्य याचा काढा द्यायचे साखरेच्या रोगावर. पण पथ्य सांगून द्यायचे. वर केक खा म्हणून नाही सांगायचे!"

वहिनी धावत माडीवर गेली आणि आप्पांना सगळं सांगितलं. आप्पांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे तुलाही मधुमेह होता. लपलेला. बाबा म्हणालेच होते, प्रत्येकाच्या आत एक लपलेला मधुमेह असतो."

"आप्पा, मला काही झालेलं नाही!"

"आता नाहीच. पान खाल्लंस ना!"

आता बोला! भिंतीला बोलून तरी माती झडते. डॉक्टरीणबाई घरी येऊन रक्त तपासून गेल्या, साखर चारशेच्या वर. करंगळी बघून त्यांनी वहिनीला बाजूला घेतलं. "आणखी दोन आठवडे असंच चाललं तर बोट कापावं लागेल. नुसतं बोट गेलं तर नशीब." पण आप्पांपाशी त्यालाही उत्तर तयार होतं, बाबांचं, तोंडपाठ: "यंत्र माणसाने बनवलं, पान निसर्गाने. खोटं कोण बोलेल?"

वहिनी त्या दुपारी पिठाची परात पुढे ओढून नुसती बसून राहिली. गोळ्या नाहीत, यंत्र नाही, तिचा शब्द नाही. आप्पांचा विश्वास आता फक्त आप्पांच्या स्वतःच्या जिभेवर होता. समोर पावांना अंड्याचा हात द्यायचे ब्रश वाळत पडले होते. तिने एक कोरा ब्रश उचलला. त्याच्या केसांवरून बोट फिरवलं. आणि उठलीच.

रविवारी शेवटची सभा होती. त्या दिवशी बाबा वर्षभराच्या पुड्या देणार होते, तीच पानं वाळवून कुटलेली, आणि लोकांनी उरलीसुरली औषधं टोपलीत टाकायची होती. आप्पा पहिल्या रांगेत होते, आणि सगळ्यात मागे, वहिनीने बोलावून आणलेल्या डॉक्टरीणबाई. बाकीच्यांनी पानं चावली होती; बाबांचा नमुन्याचा रोगी म्हणून आप्पांना मात्र आज व्यासपीठावर पान चावून बोलायचं होतं.

ते वर गेले आणि त्यांच्या मागोमाग वहिनीही. हातात वाटी, ब्रश आणि साखरपाण्याचा पेला.

"बाबा, आमच्या आप्पांना पान मी देऊ का? रस काढून आणलाय, तुमच्याच पानांचा. सेवा घडेल."

शेकडो डोळे लागलेले. बाबांना नाही म्हणता येईना. "दे, बेटी, दे. सुनेच्या हातचं औषध लवकर लागतं!"

"आप्पा, जीभ बाहेर काढा. लांब. हलवायची नाही हं."

आप्पांनी जीभ काढली. वहिनीने ब्रश रसात बुडवला आणि केकवर रेघ ओढावी तशी सराईत हाताने जिभेची डावी बाजू रंगवली, मधल्या रेषेपर्यंत. उजवीला थेंब लागू दिला नाही. हॉलमध्ये खसखस पिकली. दोन मिनिटं आप्पा जीभ लोंबवून लोकांकडे बघत होते, लोक त्यांच्याकडे. मग तिने ओल्या कापसाने रस पुसून घेतला, काडीला कापूस गुंडाळून साखरपाण्यात बुडवला आणि डाव्या कडेला टेकवला.

"काय लागतंय?"

"आही आही!" आप्पा म्हणाले. जीभ बाहेर असल्यावर "काही नाही" असंच ऐकू येतं.

टाळ्या. बाबा हसले. वहिनीने नवी काडी उजव्या कडेला टेकवली.

आप्पांचे डोळे विस्फारले. जीभ आत गेली, बाहेर आली. त्यांनी काडी स्वतःच हातात घेतली. डावीकडे टेकवली. उजवीकडे टेकवली. पुन्हा डावीकडे.

"इकडे गोड," ते हळूच म्हणाले. "इकडे काही नाही."

"मग सांगा ना, बाबा," वहिनी माइककडे वळली, "यांचा मधुमेह डाव्या अंगाने गेला आणि उजव्या अंगाने राहिला का?"

हॉलमध्ये हशाचा स्फोट झाला. बाबांच्या कपाळावर घाम डवरला. "श्रद्धा... श्रद्धा अर्धी असेल तर फळही अर्धंच मिळतं!"

"श्रद्धा डाव्या गालात ठेवली होती की काय?" मागून पोस्टमन ओरडला.

पण आप्पा हसत नव्हते. ते काडीकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जुना माणूस परतत होता. चौतीस वर्षं बाजारातून फिरलेला.

"काटा दाबलाय," ते म्हणाले. मग माइक हिसकावून मोठ्याने म्हणाले, "अहो, काटा दाबलाय! मालाला कुणी हातच लावला नाही! साखर तीच, रक्त तेच, रोग तोच. याने फक्त आपला काटा दाबून धरला, म्हणून पारडं हललं नाही! आणि मी... मी, ज्याने जन्मभर हेच पकडलं..." 

वहिनीने त्यांचा हात धरला आणि माइक घेतला. "हे पान सगळ्यांना असंच करतं. रोगी असो, निरोगी असो. जिभेला गोड कळेनासं होतं, तासभर. मग कळायला लागतं. माझ्यावर विश्वास ठेवू नका. आज सगळ्यांनी पान खाल्लंय ना? तासभर बसू या. कुणी नवं पान चावायचं नाही. मध्ये मध्ये साखरेचा एक दाणा जिभेवर ठेवायचा, बास. डॉक्टरीणबाई एका दाण्याला परवानगी देताहेत."

"एकाच!" मागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

असा तास त्या वाचनालयाने कधी पाहिला नव्हता. दोनशे माणसं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, परीक्षेला बसल्यासारखी चिडीचूप. पन्नासाव्या मिनिटाला कोपऱ्यातून आवाज आला, "आली!" मग खिडकीतून, "मलापण!" मग शिंपीणकाकू उभ्याच राहिल्या. "गोड! अगं बाई, गोड!" आणि मग भट्टीत लाह्या फुटाव्यात तशी सगळीकडून गोडी फुटत गेली. लोक हसत होते, एकमेकांना विचारत होते, आणि हसता हसता एकेकाच्या लक्षात येत होतं की गोडी घड्याळाप्रमाणे परत येते, म्हणजे पान फक्त जिभेला फसवत होतं आणि रोग कुठे गेलाच नव्हता. 

तेवढ्यात मागचं दार करकरलं. बाबा पुड्यांची पिशवी घेऊन निघाले होते.

"थांबा!" आप्पा लंगडत आडवे गेले. त्यांनी एक पुडी उचलून प्रकाशात धरली. "वजन लिहिलेलं नाही. तारीख नाही. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही. वेष्टनात माल विकताना हे सगळं लागतं, महाराज. चमत्काराचं तुम्ही बघा, पण पुडी माझ्या खात्यातली आहे!" त्यांनी खिशातून पेन काढलं. निवृत्त झाले म्हणून काय झालं, कुणाला कळवायचं हे त्यांना ठाऊक होतं. पोलीस आले तेव्हा पुड्यांची मोजदाद पूर्ण झाली होती आणि वाळूबाबांचं खरं नाव आप्पांच्या सुंदर अक्षरात लिहून तयार होतं.

टोपलीतल्या गोळ्या इतक्या मिसळल्या होत्या की कुणाच्या कुठल्या ते ओळखणं शक्य नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी त्या सगळ्या नष्ट करायला नेल्या आणि लोकांना दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला बोलावलं. सकाळी दवाखान्याबाहेर रांग लागली. रांगेत पहिले आप्पा. करंगळी वाचली. भरायला दोन महिने लागले, पण वाचली.

माळीणमावशीला मात्र एक काळजी लागून राहिली होती. कुंपणावरचा वेल लोक आता उपटून टाकतील की काय? म्हणून डॉक्टरीणबाईंनी वाचनालयातच एक दिवस सगळ्यांना बोलावलं आणि वहिनीला बोलायला लावलं. ती भाषण करणारी बाई नव्हे. हात एप्रनला पुसत जे सुचलं ते बोलली.

"त्या वेलाचा काही दोष नाही. तो गोडाची चव घालवतो, एवढंच तो करतो, आणि ते तो कुणापासून लपवत नाही. त्याच्यात औषध किती आहे ते शोधणारे शोधताहेत, शोधू द्या. पण काढा असो की गोळी, डॉक्टरला विचारल्याशिवाय चालू करू नका आणि विचारल्याशिवाय बंद करू नका. जिभेला काय वाटतं ते जिभेला विचारा, रक्तात काय आहे ते रक्तालाच विचारा. आणि उद्या दुसरा कुणी येईल. त्याच्याकडे दुसरं पान असेल, दुसरी पूड असेल. तेव्हा टाळी वाजवायच्या आधी तासभर थांबा. जे खरं असतं, ते तासाभरात कुठे पळून जात नाही."